काळी जीभ

"गेला बरं का डॉक्टर तो जंतू!" काका दारातूनच म्हणाले. हातात श्वासचाचणीचा रिपोर्ट होता. निगेटिव्ह.

चार महिन्यांपूर्वी एंडोस्कोपीत त्यांच्या लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर दिसला होता आणि बायोप्सीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सर करणारा जंतू सापडला होता. क्लॅरिथ्रोमायसिनचा चौदा दिवसांचा कोर्स त्यांनी एकही गोळी न चुकवता घेतला. दोन आठवडे तोंड कडूजहर झालं आणि जंतू जिथल्या तिथे. दुसऱ्या कोर्सचं नाव काढताच त्यांनी हात जोडले होते, "अँटिबायोटिक आता पुरे. माझं मी बघतो."

काय बघितलं, ते त्यांनी वहीत लिहून आणलं होतं. मध, कच्चा लसूण, ब्रोकोलीचे मोड, दीड महिना, रोज. मला हसू आलं नाही, कारण यातली एकही गोष्ट निराधार नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत मध आणि लसूण हा जंतू खरोखर रोखतात. मोडांतल्या सल्फोराफेन या घटकावर तर जपानमध्ये माणसांवर अभ्यास झाला, 2009 साली प्रसिद्ध झालेला. रोज 70 ग्रॅम मोड, आठ आठवडे. जंतूचा जोर उतरला, पण मोड बंद केल्यावर दोन महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखा झाला. लसणाची गोष्ट त्याहून वाईट. बशीत मर्दुमकी गाजवणारा लसूण 1999च्या एका छोट्या चाचणीत माणसांच्या पोटात गेल्यावर काहीच करू शकला नाही.

तरीही रिपोर्ट समोर होता. मी अभिनंदनही करून टाकलं. काका खळखळून हसले आणि मला त्यांची जीभ दिसली. काळी.

"काका, यादीत आणखी काही राहिलंय का?"

"छे! पोट जळजळलं की ते गुलाबी औषध घेतो तेवढं. ते साधंच हो, कुणीही घेतं."

ते साधं औषध म्हणजे बिस्मथ सबसॅलिसिलेट. लाळेतल्या गंधकाशी संयोग होऊन बिस्मथ सल्फाइड बनतं आणि जीभ काळी पडते. शौचालाही काळं होतं. ते त्यांना होतच होतं, पण घाबरून मी एंडोस्कोपी करीन म्हणून सांगितलं नव्हतं! (रक्तामुळे होणारी काळी शौच डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असते. ही तशी नव्हती, हे मी खोदून विचारलं.) शेवटचा डोस चाचणीच्या आदल्या रात्री घेतलेला.

श्वासचाचणीत खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जंतूचं युरिएज हे विकर तो फोडतं आणि तो कार्बन श्वासातून बाहेर येतो. बिस्मथने जंतू दबून, अर्धमेला होऊन बसला असेल, तर तो युरिया फोडणार कोण? म्हणून चाचणीआधी अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे बंद हवं, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे. गोळ्यांचं आणि अँटिबायोटिकचं मी विचारलं होतं. बिस्मथचं विचारायचं राहिलं. ती चूक माझीच.

गंमत म्हणजे 1999च्या त्याच चाचणीत लसणाशेजारी तुलनेसाठी बिस्मथ ठेवलं होतं, आणि श्वासचाचणीचे आकडे पाडले ते त्यानेच. काकांच्या यादीतलं सगळ्यात दमदार औषध काकांनी यादीत धरलंच नव्हतं. फक्त ते एकट्याने जंतूला दाबतं, मुळासकट सहसा काढत नाही.

चार आठवडे बिस्मथ बंद ठेवलं. चाचणी पॉझिटिव्ह.

काकांचा चेहरा पडला. मी दुसऱ्या कोर्सचा कागद पुढे सरकवला: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लाची गोळी, चौदा दिवस. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे माझंच औषध की!"

"तुमचंच. पण सोबत तिघं आहेत."

बऱ्याच कुरकुरीनंतर तयार झाले. कोर्स संपल्यावर महिन्याहून थोडे अधिक दिवस जाऊ दिले, मग पुन्हा चाचणी. रिपोर्ट घेऊन आले, तेव्हा पाकीट उघडण्याआधी मी जीभ दाखवायला सांगितली. गुलाबी होती. मग पाकीट फोडलं. निगेटिव्ह.