न विचारलेल्या प्रश्नाचा नकार

रेडिओहेड या इंग्लिश बँडचे ‘क्रीप’ हे एकतर्फी प्रेमाचे गाणे म्हणून ओळखले जाते आणि ते खरेही आहे. परंतु या गाण्यातली ती नकार देतच नाही, कारण तिला कोणी काही विचारलेलेच नसते. गाणारा तिला दुरून पाहतो, तिच्या नजरेला नजर देण्याचेही धाडस त्याला होत नाही, ती या जगातली नव्हेच असे मानून तो तिला उंचावर नेऊन बसवतो आणि मग त्या उंचीशी स्वतःला ताडून, आपली इथे जागा नाही, असा निकाल स्वतःच देऊन टाकतो.

बँडचा गायक थॉम यॉर्क याने हे गाणे एक्सेटर विद्यापीठात शिकत असताना लिहिले. १९९२ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा ब्रिटनमध्ये त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आधी इस्राएलमध्ये आणि मग अमेरिकेत रेडिओवर ते गाजले आणि १९९३ मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

मला त्यातली व्याकुळता शब्दांपेक्षा स्वररचनेत अधिक जाणवते. पूर्ण गाण्यात चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, आहेत: जी मेजर, बी मेजर, सी मेजर आणि सी मायनर. जी हा षड्ज धरून पेटीवर वाजवून पाहिले, तर या चारांच्या पोटातून जाणारी एक बारीक वाट सापडते: पहिल्या कॉर्डमधला पंचम दुसऱ्यात कोमल धैवतावर चढतो, तिसऱ्यात शुद्ध धैवत गाठतो, चौथ्यात पुन्हा कोमल होतो आणि आवर्तन नव्याने सुरू होताना मुकाट्याने पंचमावर येऊन बसतो. दोन पावले पुढे, दोन मागे, आणि हे गाणे संपेपर्यंत. मधल्या भागात ती निघून जाते आणि यॉर्कचा आवाज वरच्या सप्तकात अक्षरशः फाटतो, तेव्हाही खाली तेच चार कॉर्ड फिरत असतात. म्हणजे आकांत कितीही केला तरी पायाखालची जमीन तसूभरही हलत नाही. (या कॉर्डांचे आणि चालीचे ‘द हॉलीज’ या बँडच्या एका जुन्या गाण्याशी साम्य असल्यामुळे त्याचे रचनाकार अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांनाही पुढे श्रेय द्यावे लागले.)

धृपदाच्या आधी गिटारचे जे कर्कश आघात येतात, त्यांची हकीकत प्रसिद्ध आहे: बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूड याला गाणे फारच मवाळ वाटले आणि ते बिघडवण्यासाठी त्याने तारांवर ते घाव घातले. माझ्या मते गाणे तरले ते त्यामुळेच. स्वतःला हीन लेखण्यातही एक गोड गुंगी असते, आणि जिला ना नाव आहे ना आवाज अशा स्त्रीला देवदूत ठरवून आपण रडत बसणे हे प्रेमापेक्षा आत्मरंजनाच्याच अधिक जवळचे आहे. ते दोन-तीन आघात त्या गुंगीला खडबडून जागे करतात. म्हणूनच या गाण्याच्या ज्या असंख्य गुळगुळीत, संथ आवृत्त्या ऐकू येतात, त्यांत ते आघात गाळलेले असले की मला केवळ कुढणे तेवढे ऐकू येते.