‘तिकडे वीज येणार नाही’ असं पत्र कोणी देत नाही: उजनीच्या फुगवट्यातल्या वस्तीसाठी सौरनिधी

सोलापूर जिल्ह्यातलं उजनी धरण भरलं की ही वस्ती चारही बाजूंनी पाण्यात. होडीशिवाय जाता येत नाही, विजेचा खांब तर कधी पोचलाच नाही. जिल्ह्यात एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे, धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, आणि याच पाण्यासाठी जमिनी दिलेली माणसं अंधारात बसतात. आमच्या संस्थेने इथे सौरवीज द्यायचं ठरवलं. निधी एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशातून, आणि एका देणगीदार ट्रस्टकडून, असा दोघांत वाटून.

आयकराच्या सवलतीची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला लागणारा सीएसआर-१ चा क्रमांक (एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे), ग्रामसभेचा ठराव, हे सगळं सुरळीत झालं. अडलं ते एका कागदावर. दोन्ही देणगीदारांची अट एकच: पुढची पाच वर्षं या वस्तीत ग्रिडची, म्हणजे वीज कंपनीच्या तारांवरची, वीज येणार नाही, असं वीज कार्यालयाचं पत्र आणा.

अट रास्त आहे. पश्चिम बंगालमधल्या सागर बेटावर १९९६ मध्ये कमलपूरला २६ किलोवॅटचं सौरकेंद्र उभं राहिलं, त्यामागून आणखी केंद्रं झाली, गावच्या समित्या बिलं गोळा करायच्या. पुढे बेटावर ग्रिड पोचलं आणि लोक तिकडे वळले. देणगीदाराला आपले पॅनेल असे पडून राहायला नको असतात.

पण पत्र मिळेना. अर्जावर आवकचा शिक्का बसला, त्यापुढे काही हालेना. साहेब दौऱ्यावर. फाइल वरच्या कार्यालयाकडे. मग, ‘अहो, तिकडे लाइन जाणारच नाही, आम्ही सांगतो ना!’ हेच लिहून द्या म्हटलं की सगळे गप्प. देणगीदारांकडे तोंडी शब्दाला किंमत नाही, आणि इकडे आर्थिक वर्ष संपत चाललेलं.

खरं कारण टेबलापलीकडून कोणीच सांगितलं नाही, आणि त्याचाच राग अजून जात नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मागणाऱ्याला वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. ‘देणार नाही’ असं लेखी देणं म्हणजे त्या अधिकाऱ्याने आपल्याच सहीने कायदा मोडल्याचं कबूल करणं. कोणीही ते लिहिणार नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. पण हे एक वाक्य पहिल्याच दिवशी कोणी बोललं असतं तर सगळ्यांचे हेलपाटे वाचले असते.

म्हणून भविष्याबद्दल विचारूच नका, आजची वस्तुस्थिती मागा. वस्तीतल्या एका रहिवाशाच्या नावाने नव्या जोडणीचा रीतसर अर्ज टाका. पाहणी होते आणि अंदाजपत्रक तयार होतं: किती खांब, किती तार, रोहित्र कुठे, पाणी कसं ओलांडायचं. तो आकडाच तुमचा पुरावा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात ‘वीज कधी येणार, का येत नाही’ असं विचारू नका. मत किंवा खुलासा मागितला की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. मंजूर कामांच्या यादीची प्रत मागा आणि जवळच्या रोहित्राचं अंतर दाखवणारा अभिलेख मागा. यादीत वस्तीचं नाव नाही, एवढं पुरतं.

तिसरी गोष्ट करारातली. ग्रिड आलंच तर काय, याचं कलम आम्ही स्वतःहून घातलं आणि इन्व्हर्टर हायब्रिड घेतला, म्हणजे उद्या वीज आली तर परवानगी घेऊन केंद्र तिला जोडता येईल. या तीन कागदांवर दोन्ही देणगीदारांनी पत्राची अट सोडली. फार मोठं ओझं उतरलं.

वितरणाचा परवाना लागेल का, हेही विचारतात. शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात याच वीज कायद्याच्या कलम १४ मधली सूट आहे, तेवढं दाखवा.

मालकी आधी ठरवा. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे सीएसआरमधून झालेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचत गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे हवी. आम्ही वस्तीतल्या बचत गटाच्या नावावर केली.

हिशोब असा: घरं १८. प्रत्येकी ९ वॅटचे तीन दिवे पाच तास, २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास, मोबाइल चार्जिंग; रोजचं साधारण ४०० वॅट-तास. रस्त्यावरचे दिवे धरून रोज ८ युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं, पण श्रावणात ढग बसले की तीनवर येतं. मोजायचं ते तीनने. घट धरून ४ किलोवॅट पॅनेल आणि २० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त दिसतात, पण निम्म्याच वापरायच्या असल्याने १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या सोळा-अठरा लागतात. एकीचं वजन पन्नास किलोच्या आसपास, आणि हे सगळं होडीतून न्यायचं!

घरोघरी २ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद होणारा खटका, बसवा. मिक्सर लावला की तो पडतो, आणि पडायलाच हवा. स्कॉटलंडच्या एग बेटावर २००८ पासून घरटी ५ किलोवॅटची मर्यादा आहे, म्हणून तिथली व्यवस्था सगळ्यांना पुरते.

जागेचं राहिलंच. पॅनेलचा सांगाडा धरणासाठी संपादित जमिनीवर उभारू नका, गाळपेरीची (पाणी ओसरल्यावर पीक घ्यायची) असली तरी नको. पुढे परवानगीचा गुंता होतो. धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी, म्हणजे पूर्ण संचय पातळी, ४९६.८३ मीटर आहे, पाया तिच्या बराच वर घ्या.

कंपनीकडे ऑक्टोबरातच जा. फेब्रुवारीत पैसे मिळाले तर मार्चअखेर खर्चाचा दाखला मागतात, आणि माल न्यायला सोपं असतं ते मे महिन्यात, पाणी ओसरून ट्रॅक्टर वस्तीपर्यंत जातो तेव्हा. म्हणून प्रस्तावातच ‘चालू प्रकल्प’ (ongoing project) असं लिहून घ्या. उरलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते.

आणि बॅटरी बदलायचे पैसे देणगीदार देत नाहीत. नव्या बॅटरीची किंमत तिच्या आयुष्याच्या महिन्यांनी आणि घरांच्या संख्येने भागा, ती रक्कम पहिल्या महिन्यापासून बिलात धरा, आणि तिचं खातं दुरुस्तीच्या खात्यापासून वेगळं, दोन महिलांच्या सहीने चालणारं ठेवा.