सावंतवाडी ते जुने गोवे, उपकारस्तुती करत

30 नोव्हेंबरला पहाटे चारला सावंतवाडी सोडली की 2 डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही जुन्या गोव्यात पोहोचतो. वाट साधारण 65 किलोमीटरची. 24 नोव्हेंबरला सुरू झालेल्या नोव्हेनाचा, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, तो शेवटचा दिवस असतो आणि दुसऱ्या दिवशी, 3 डिसेंबरला, गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सण). कुणी या चालण्याला पदयात्रा म्हणतात, कुणी सरळ वारी. आमच्या जथ्याने तिचा हेतू एकच ठेवला आहे: देवाची उपकारस्तुती. मागणी, नवस, आजाऱ्यांसाठी विनवणी हे सगळे वाटेत येतेच, पण दिवसाची बांधणी आभारांभोवती असते.

ही बांधणी आधी ठरवून ठेवावी लागते. पहिले पाच किलोमीटर सगळ्यांनाच कृतज्ञ वाटते. हवा गार, पाय ताजे, गाणी सुरात. अठराव्या किलोमीटरला कुणालाच तसे वाटत नाही. तेव्हा मनात येईल तेवढेच आभार मानायचे ठरवले, तर प्रार्थना दुपारपर्यंत संपून जाते. बायबलमधल्या पत्रात संत पौल थेस्सलनीकाकरांना 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असे लिहितो (पहिले पत्र, 5:18), तेव्हा तो भावनेची नव्हे, कृतीची आज्ञा देतो. कृतीला वेळ लागते, शब्द लागतात, सोबत लागते.

पहाटेचा पहिला तास गप्प चालायचा. अंधारात महामार्गाच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, दोन-दोनच्या रांगेत. पुढच्या आणि मागच्या माणसाकडे विजेरी, सगळ्यांच्या पाठीवर रेडियमच्या पट्ट्या. मधल्या माणसाने मोबाइलचा दिवा लावू नये, मागच्याचे डोळे दिपतात आणि खड्डा दिसत नाही. सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो, तोवर दहा किलोमीटर झालेले असतात आणि बांदा जवळ आलेले असते. तेरेखोल नदी ओलांडल्यावर पहिली जपमाळ सुरू होते.

पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची, जपमाळ चालता चालता वीस मिनिटांत होते. ताशी चार किलोमीटरच्या चालीने ते अंतर सव्वा ते दीड किलोमीटर भरते, त्यामुळे आमच्यात 'अजून दोन माळा' हे अंतराचेही माप आहे. जपताना येशू-मरियेच्या आयुष्यातले जे प्रसंग मनात आणायचे त्यांना रहस्ये म्हणतात. कोणती रहस्ये घ्यायची हे वार ठरवतो: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्ये 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली. वाराची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. घरात लग्न ठरलेला माणूस मंगळवारी चालत असेल तर त्याला गेथसेमनेच्या बागेत, येशूच्या अटकेआधीच्या यातनेत, जावेच लागते. वर्ष दुःखात गेलेली बाई शनिवारी चालत असेल तर तिच्या तोंडी बेथलेहेम येते. सुखात दुःख विसरू न देणारी आणि दुःखात सुखाची आठवण मरू न देणारी याहून साधी रीत मला ठाऊक नाही.

विश्रांती दर पाच किलोमीटरला, पंधरा मिनिटांची. त्यात आधी मोजे काढायचे, मग पाणी प्यायचे. फोड येतो तो घर्षणाने आणि ओलाव्याने. घामाने मऊ पडलेली कातडी बुटात सरकते आणि वरचा थर सुटतो. म्हणून दोन तासांनी मोजे बदलायचे, बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला पहाटेच व्हॅसलीन लावायचे, नखे चार दिवस आधी कापून ठेवायची. जत्रेसाठी घेतलेले नवे बूट सावंतवाडीतच ठेवावेत. फोड आलाच तर वरची कातडी सोलायची नाही. लहान असेल तर पट्टी लावून सोडून द्यायचा. फार ताणला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचे, कातडी तशीच ठेवायची. जलसंजीवनीची एक पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण. एका पेल्यात पुडी ओतून पिणारे दरवर्षी भेटतात आणि मळमळ झाली म्हणून बसून राहतात. अनवाणी चालण्याचा नवस असलेल्यांनी दहानंतर डांबरावर राहू नये. कडेची माती बरी, आणि साडेदहाला मुक्कामाची सावली त्याहून बरी.

त्याच पंधरा मिनिटांत प्रत्येकाने एक आभार बोलून दाखवायचे. नियम असा की त्यात वस्तू, माणूस आणि वेळ यांतल्या किमान दोन गोष्टी आल्या पाहिजेत. 'आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल धन्यवाद' हे चालत नाही. 'बांद्याच्या पुलाअलीकडे एका बाईने दार उघडून कळशीभर पाणी दिले' हे चालते. मोघम आभारांत देव कुठेच सापडत नाही, नेमक्या आभारांत तो एखाद्या दारात उभा दिसतो. तीन दिवस असे केले की डोळ्यांना सवय लागते, आणि ही सवय वारीनंतरही बरेच दिवस टिकते.

येथे तीन चुका होतात. पहिली, तुलनेची. रस्त्याकडेला खोपटात राहणारे कुटुंब दिसते आणि कुणीतरी म्हणते, देवा, आम्हाला असे ठेवले नाहीस म्हणून तुझे आभार. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या परुश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाची, प्रार्थना याच शब्दांत सुरू होते (18:11). 'मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो.' तो मंदिरातून नीतिमान ठरून घरी गेला नाही. दुसऱ्याच्या उणिवेवर उभे केलेले आभार आम्ही तिथल्या तिथे थांबवतो, आणि त्या कुटुंबाकडे पाणी मागायला जातो. मागितल्याने माणूस बरोबरीला येतो.

दुसरी चूक व्यवहाराची. पोराला नोकरी लागली, नवस फेडायला आलो, फिटला. नवसाने चालणाऱ्यांना मी कधीच कमी लेखणार नाही. त्यांच्यातले बरेच जण आमच्याहून अधिक मनापासून चालतात. पण हिशेब मिटवला की आभार संपतात, म्हणून अशांना आम्ही एवढेच सुचवतो की नवस पहिल्या दिवशीच देवासमोर ठेवा आणि उरलेले दोन दिवस काहीच न मागता चाला.

तिसरी चूक सर्वांत जास्त दुखावते: शोकात असलेल्यावर आभार लादणे. नोव्हेंबर हा कॅथलिकांत मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या वर्षी घरातले कुणी गेलेले लोक जथ्यात हमखास असतात. 'देवाची इच्छा', 'यातही काही चांगले असेल' ही वाक्ये आमच्यात बोलायची नाहीत. अशा माणसाने मागच्या रांगेत चालावे, सोबत एकच जण, आणि त्याने फक्त एवढे विचारावे: 'पाय कसो आसा?' विश्रांतीत त्यांची पाळी आली तर त्यांनी गप्प राहिले तरी चालते. पौल 'सर्व स्थितीत' म्हणतो. मरणाबद्दल आभार मानणे आणि मरणाच्या घरात राहून आभार मानणे यांत फरक आहे. इफिसकरांना तो 'सर्व गोष्टींबद्दल' असेही लिहितो (5:20), आणि हे वचन पुढे करून कुणी दुःखिताला गप्प करू लागला तर त्याला लाजराची, येशूने मरणातून उठवलेल्या मित्राची, कबर दाखवावी. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशू आधी रडला. मग धोंड बाजूला झाली, आणि लाजर बाहेर येण्याआधीच त्याने पित्याचे आभार मानले. रडणे आधी आले आणि आभारांनी ते पुसले नाही. बायबलच्या दीडशे स्तोत्रांत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, त्यात आभाराची एक ओळ नाही. तेही प्रार्थनेच्या पुस्तकातच आहे. मागच्या रांगेतल्यांच्या खिशात आम्ही ते लिहून देतो.

पत्रादेवीला महाराष्ट्र-गोव्याची हद्द लागते. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवामुक्तीसाठी येथे आलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. स्मारकापाशी जपमाळ थांबते, दोन मिनिटे सगळे उभे राहतात आणि मग पेडण्याची वाट धरतात. पहिल्या दिवशी पंचवीसेक किलोमीटर होतात, म्हणून दुसरा दिवस मुद्दाम आखूड ठेवला आहे, म्हापशापर्यंतचा.

मुक्कामाला पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे, नंतर कोरडे पुसून भिंतीला वर टेकवलेले. जेवण म्हणजे पेज, लोणचे, असेल तर सुकी सुंगटे (कोळंबी). झोपण्याआधी पंधरा मिनिटे आत्मपरीक्षण. ही रीत येशूसंघाचा संस्थापक संत इग्नाती लोयोला याची, आणि झेवियर त्याच्या पहिल्या सोबत्यांपैकी. 15 ऑगस्ट 1534 रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर दोघांनी एकत्र व्रत घेतले होते. या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्यांत पहिली आभाराची आहे, पापाची नव्हे. आधी मिळालेल्या उपकारांबद्दल आभार, मग स्वतःला ओळखण्याची कृपा मागणे, मग दिवसाची उजळणी, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय, शेवटी 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना. उजळणी इग्नाती तासातासाने करायला सांगतो. आम्ही ती किलोमीटरने करतो: कोलवाळच्या पुलावर कुणावर चिडलो, धारगळला कुणी पिशवी उचलली. पायऱ्यांचा क्रम बदलू नये. थकलेल्या माणसाने क्षमेपासून सुरुवात केली तर तो स्वतःलाच बोल लावत झोपी जातो. आधी दिवसभराचे मिळालेले मोजले की चूकही त्याला उजेडात दिसते.

तिसरा दिवस तेवीस किलोमीटरचा आणि मनाने सर्वांत अवघड. गिरीहून पर्वरीचा चढ लागतो तेव्हा दम लागलेला असतो आणि फोड पिकलेले असतात. येथे आम्ही 136 वे स्तोत्र घेतो. सव्वीस वचने, आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध तोच: 'कारण त्याची दया सनातन आहे.' पुढचा एक जण पहिली ओळ म्हणतो, बाकीच्यांनी तेवढेच उत्तर द्यायचे. श्वास पुरतो, पाठ लागत नाही आणि पाऊल तालात पडते. स्तोत्रात आधी आकाश, सूर्य, चंद्र येतात, मग मिसरातली सुटका, रानातला प्रवास, आणि पंचविसाव्या वचनात अन्न. सव्वीस संपली की लोक आपापली ओळ जोडतात. 'तू माझ्या आईचा ताप उतरवलास.' सनातन दया. 'तू तिला घेऊन गेलास.' येथे उत्तर हळू येते, पण येते. ज्याला ती ओळ म्हणायची असते तो ती स्वतःच म्हणतो. दुसऱ्याच्या वतीने ती कुणी म्हणायची नाही.

बेतीला उतरल्यावर फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही. पाय न हलवता पुढे सरकण्याची ती काही मिनिटे तीन दिवसांत फक्त तिथेच मिळतात. पणजीतून रायबंदरची वाट 1630 च्या दशकात व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात बांधलेल्या बांधावरून जाते. दोन्हीकडे पाणथळ आणि खारफुटी, अंगावर वारा. तिथून दिसणारी मांडवी पाहत बहुतेक जण गप्प होतात, आणि कुणी त्यांना बोलायला लावत नाही.

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बासिलिकेत सायबाचे पार्थिव असलेली चांदीची पेटी उंचावर असते. दर्शनासाठी ती दर दहा वर्षांनी खाली उतरवतात, मागच्या वेळी 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. एरवी मान वर करूनच पाहायचे. 3 डिसेंबर 1552 ही तारीख तिथे आठवायला हवी. चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर, आत नेणाऱ्या होडीची वाट पाहत, तापाने तो गेला. ज्या देशासाठी निघाला होता तिथे त्याचे पाऊल पडले नाही. फेस्त त्या दिवशी असते. ज्यांचे यंदाचे काम अर्धे राहिले आहे त्यांना आम्ही पेटीसमोर थोडा जास्त वेळ उभे राहू देतो, रांग खोळंबली तरी.

फेस्ताच्या पहाटेपासून मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासना, सुरू असतात. मिस्साला जुना ग्रीक शब्द 'युखरिस्तिया', म्हणजे उपकारस्तुती. विश्वासघात झाला त्याच रात्री येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले, हे पौलाने करिंथकरांना लिहिलेच आहे. तीन दिवसांत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र खिशातून न काढलेले लोकही 'प्रभूचे आभार मानू या' या हाकेला सगळ्यांबरोबर उत्तर देतात.

मिस्सानंतर जथा बसने परततो, दोघे मात्र टेम्पोतून आलेल्या वाटेने माघारी जातात. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी वाटेने जात असताना शुद्ध झाले, त्यांतला एकच मागे वळला. आमचे हे दोघे दरवर्षी चिठ्ठी टाकून निवडतात. त्यांच्याजवळ वहीतली यादी असते: कळशीची बाई, हॉलची किल्ली देणारा, पट्ट्या फुकट देणारा औषधवाला, बांद्याचे खोपट. म्हापशाचा हॉल झाडायचा, घेतलेली पातेली घासून द्यायची, आणि प्रत्येक दारात फेस्ताच्या जत्रेतून आणलेल्या खाज्यांचा एक पुडा. पुडे मोजून दोन जास्त घ्यावेत. यादीत नसलेले कुणीतरी वाटेत आठवतेच.