तुम्ही विचारलंत म्हणून : ऑस्ट्रेलियातल्या क्लबात खेळून पुढे काय?

‘मुलं तिथल्या क्लबात खेळतात म्हणे. पुढे काही स्कोप आहे का?’ ठाण्याहून फोन आला की चौकशी दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला इथेच येते. मेलबर्नमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबं गणपतीत भेटतात, तीही हेच विचारतात. मी एका उपनगरी क्लबात चौथ्या इलेव्हनची, म्हणजे क्लबाच्या चौथ्या क्रमांकाच्या संघाची, स्कोअरर आहे. मुलगा सिनिअरमध्ये खेळतो, मुलगी ज्युनिअरमध्ये. प्रश्न किती मनापासून येतो हे मला कळतं. मुंबईत पहाटेच्या लोकलमध्ये स्वतःएवढी किटबॅग सांभाळत उभी राहणारी पोरं मी पाहिली आहेत. एवढे कष्ट करायचे तर शेवटी हाती काय लागणार, हे आईबाप विचारणारच. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

स्कोप आहे. घराजवळचा क्लब, त्यावर सब-डिस्ट्रिक्टचे क्लब, त्यावर प्रीमियर क्रिकेट आणि त्यावर राज्याचा संघ, अशी व्हिक्टोरियातली, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथली, चढण आहे. प्रीमियरमध्ये फक्त 18 क्लब आहेत. पूर्वी त्याला डिस्ट्रिक्ट क्रिकेट म्हणत. 1906-07च्या मोसमात ते सुरू झालं, तेव्हा तुम्ही राहता त्या भागाच्या क्लबाकडून खेळायचं, हा त्यामागचा विचार होता. सिडनीत हीच पद्धत 1893-94पासून आली. मोठमोठे खेळाडू याच वाटेने वर गेले. शेन वॉर्न सेंट किल्डाचा, वॉ बंधू सिडनीतल्या बँक्सटाउनचे, बिल लॉरी नॉर्थकोटचा. लॉरी पेशाने प्लंबर होता.

‘स्कोप’ म्हणताना आपल्या मनात एक वय असतं. सोळाव्या वर्षी निवड झाली नाही तर संपलं, असं आपण धरून चालतो. म्हणून मी लोकांना सेंट किल्डाच्याच दोन गोलंदाजांची गोष्ट सांगते. बर्ट आयर्नमाँगर हा डावखुरा फिरकी गोलंदाज. लहानपणी शेतावरच्या अपघातात त्याच्या डाव्या तर्जनीचं टोक तुटलं आणि त्याच तुटक्या बोटाने तो चेंडू फिरवायचा. सेंट किल्डाच्या नगरपालिकेत तो माळीकाम करत असे. नोव्हेंबर 1928मध्ये ब्रिस्बेनला तो पहिली कसोटी खेळला, तेव्हा त्याचं वय होतं 46. त्याच सामन्यात वीस वर्षांच्या डॉन ब्रॅडमनचंही पदार्पण झालं. पुढच्याच कसोटीत सेंट किल्डाचा ऑफस्पिनर डॉन ब्लॅकी संघात आला, त्याचंही वय 46, पण आयर्नमाँगरहून काही दिवसांनी जास्त. एवढ्या वयात पदार्पण करणारा ऑस्ट्रेलियन कसोटीपटू त्याच्याआधीही झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. आयर्नमाँगर तर पन्नाशी गाठेपर्यंत कसोटी खेळला. 14 सामन्यांत 74 बळी, सरासरी अठराच्या आत. ही माणसं पंचेचाळिशीपर्यंत टिकली कशी? दर शनिवारी खेळायला एक जागा होती म्हणून. वय झालं, आता पोरांना जागा द्या, असं म्हणून क्लबाने त्यांना घरी बसवलं नाही. आज जंक्शन ओव्हलवर, म्हणजे सेंट किल्डाच्या मैदानावर, एका स्टँडला या दोघांचं मिळून नाव आहे.

आता शनिवारविषयी. सिनिअर सामने बहुतेक ठिकाणी शनिवारी दुपारी सुरू होतात आणि वरच्या इलेव्हनचे सामने अनेकदा दोन दिवसांचे असतात. दोन दिवस म्हणजे लागोपाठचे दोन शनिवार. पहिल्या शनिवारी एका संघाची फलंदाजी, दुसऱ्या शनिवारी दुसऱ्याची. मधला आठवडा माणूस ऑफिसात बसून आपली अर्धवट खेळी डोक्यात घोळवत असतो. डिसेंबर 1925मध्ये बाउरल आणि विंजेलो या न्यू साउथ वेल्समधल्या दोन गावांचा असाच सामना झाला. विंजेलोकडून शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारा एक तरुण गोलंदाजी करत होता, बिल ओ’रायली. सुट्टीसाठी तो आगगाडीने घरी निघाला होता. बाउरल स्टेशनवर विंजेलोच्या संघाने त्याला गाडीतून उतरवलं आणि थेट मैदानावर नेलं. समोर होता सतरा वर्षांचा ब्रॅडमन. संध्याकाळी तो 234 धावांवर नाबाद राहिला. पुढच्या शनिवारी खेळ सुरू झाला आणि ओ’रायलीने पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडवला. दोन्ही शनिवार दोघांनी जन्मभर लक्षात ठेवले. नंतर ब्रॅडमन दर शनिवारी पहाटेच्या गाडीने बाउरलहून सिडनीला सेंट जॉर्ज क्लबाकडून खेळायला जाऊ लागला आणि 27 नोव्हेंबर 1926 रोजी पीटरशॅमविरुद्ध त्याने पहिल्याच सामन्यात 110 काढल्या. तोवर तो काँक्रीटवर मॅटिंग टाकून खेळायचा. हिरवळीची खेळपट्टी त्याला नवी होती.

पण ब्रॅडमन आणि वॉर्न सांगून झाले तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. कारण क्लब त्यांच्यासाठी काढलेला नसतो. तो कोणासाठी असतो हे पाहायचं तर गुरुवारी संध्याकाळी यायला हवं.

गुरुवारी नेट्सचा सराव संपतो आणि सगळे क्लबरूममध्ये जमतात. भिंतीवर लाकडी फलक असतात. त्यांवर सोनेरी अक्षरांत वर्षागणिक अध्यक्ष, सचिव, कर्णधार, सर्वाधिक धावा, सर्वाधिक बळी यांची नावं. जुन्या क्लबांत आणखी एक फलक असतो, महायुद्धांत गेलेल्यांचा. आमच्या क्लबात सचिवांचा फलक कर्णधारांच्या फलकाएवढाच मोठा आहे, आणि एकाच बाईंचं नाव त्यावर एकाखाली एक उतरत जातं. जेवण होता होता निवडसमिती संघ वाचायला घेते. वाचन खालच्या इलेव्हनपासून सुरू होतं, पहिली इलेव्हन सर्वांत शेवटी. चौथ्या इलेव्हनमधल्या पंधरा वर्षांच्या पोराचं नाव तिसऱ्या इलेव्हनमध्ये आलं, की टाळ्या वाजतात आणि पोरगं कानापर्यंत लाल होतं. त्याची जागा घ्यायला साठीचे एक गृहस्थ चौथ्यात उतरतात, तेव्हाही टाळ्या वाजतात. त्यांना खरोखर आनंद झालेला असतो, कारण आता चौथ्यातच खेळणाऱ्या नातवाबरोबर फलंदाजीला जाता येईल.

आमच्या चौथ्या इलेव्हनच्या सामन्याला अधिकृत पंच नसतात. जो संघ फलंदाजी करत असेल, त्याचेच दोघे पांढरा कोट घालून उभे राहतात. म्हणजे आपल्याच माणसाला आपणच पायचीत द्यायचं. माझा मुलगा चौदाचा असताना त्याने आमच्याच कर्णधाराला बाद दिलं होतं. कर्णधार एक शब्द न बोलता बॅट काखेत घालून निघून आला. नंतर चहाच्या वेळी त्याने मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि शेजारी बसवून घेतलं. माझ्या दृष्टीने त्या दिवशी माझ्या मुलाला मिळायचं ते सगळं मिळालं. स्कोअरबुकात मी तो बळी लिहिला तेव्हा हात थरथरत होता, हेही सांगते.

पैसा कुठून येतो, हा पुढचा प्रश्न. मैदान बहुधा नगरपालिकेचं असतं आणि क्लब मोसमाचं भाडं भरतो. हिवाळ्यात तिथेच फुटबॉल चालतो, त्यामुळे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत मैदान आपलं. खालच्या संघांना काँक्रीटवर कृत्रिम गवत चिकटवलेली खेळपट्टी मिळते, वरच्यांना खऱ्या गवताची. गवताच्या खेळपट्टीला पाणी, रोलर, कापणी, झाकण असं रोजचं काम लागतं. वर्गणी आहे, गल्लीतल्या खाटकाची किंवा घरदलालाची जाहिरात आहे, मांसाच्या ट्रेची सोडत आहे, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर शनिवार-रविवारी सॉसेज भाजून विकणं आहे. पण खरा क्लब चालतो तो पगार न घेणाऱ्या माणसांवर. कोषाध्यक्ष दिवसभर नोकरी करून रात्री पावत्या लावतो. ज्युनिअरचा व्यवस्थापक होण्यासाठी मुलांसोबत काम करण्याचा सरकारी परवाना काढावा लागतो, स्वयंसेवकांना तो व्हिक्टोरियात मोफत मिळतो. यातली बरीच माणसं कधी दुसऱ्या इलेव्हनच्या वर खेळलेली नाहीत. ती खाली राहिली म्हणून वर जाणाऱ्यांना पाय ठेवायला जागा मिळाली, असं माझं ठाम मत आहे.

आणि बार? हो, असतो. आपल्याकडचे पालक तिथे अडखळतात. त्याच्या कमाईवर क्लबाचा मोठा खर्च निघतो. मुलांसाठी नियम कडक असतात आणि सरबत पिऊन बसणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. खात्री हवी तर तुम्हीही गुरुवारी येऊन बसा.

मुलींबद्दल विचारणारे कमी असतात, आणि ते मला खटकतं. बेंडिगोला 1874मध्ये बायकांचा क्रिकेट सामना झाला होता, म्हणजे हा इतिहास कालपरवाचा नाही. मेलबर्नची बेटी विल्सन दहाव्या वर्षी कॉलिंगवूडच्या महिला क्लबात दाखल झाली. वडील चांभारकाम करत. आईच्या मोज्यात चेंडू घालून तो कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगायचा आणि टोलवत राहायचं, हा तिचा सराव. फेब्रुवारी 1958मध्ये जंक्शन ओव्हलवर, आयर्नमाँगरच्याच मैदानावर, इंग्लंडविरुद्ध तिने पहिल्या डावात 7 धावांत 7 बळी घेतले, त्यात हॅटट्रिक होती. मग शतक ठोकलं आणि दुसऱ्या डावात आणखी 4 बळी घेतले. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही कामगिरी त्याआधी कुठल्या पुरुषालाही जमली नव्हती. माझ्या मुलीने हे ऐकलं त्या संध्याकाळी आमच्या अंगणातल्या दोरीला मोजा लटकला.

अजून एक नाव, आणि ते मराठी माणसाला ठाऊक असायलाच हवं. ॲडलेडला भारत 36 धावांत गडगडला, त्यानंतर डिसेंबर 2020मध्ये अजिंक्य रहाणेने मेलबर्नला 112 धावा केल्या आणि सामना जिंकून दिला. सामनावीर म्हणून त्याला जे पदक मिळालं त्यावर कमरपट्ट्याच्या बक्कलाची नक्कल आहे. ते पदक त्या वर्षी प्रथमच दिलं गेलं, जॉनी मुलाघच्या नावाने. मुलाघ, मूळ नाव उनारिमिन, पश्चिम व्हिक्टोरियातला आदिवासी खेळाडू. 1868मध्ये इंग्लंडला गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ, कर्णधार सोडला तर, सगळा आदिवासींचा होता. त्या दौऱ्यात एकट्या मुलाघने 1,698 धावा आणि 245 बळी घेतले. परतल्यावर मेलबर्न क्रिकेट क्लबात एक मोसम व्यावसायिक म्हणून खेळला आणि पुढे हॅरो या आपल्या भागातल्या छोट्या गावाच्या क्लबाकडून खेळत राहिला. तो 1891मध्ये गेला. तो ज्या काळात जगला, त्या काळात सरकार आदिवासींनी कुठे राहावं, कुठे काम करावं हेसुद्धा ठरवत होतं. अशा देशात एका गावच्या क्लबाने त्याचं नाव धरून ठेवलं. हॅरोत त्याचं स्मारक आहे. रहाणेनंतर पुढच्याच वर्षी, 2021मध्ये, ते पदक मिळालं स्कॉट बोलंडला, 7 धावांत 6 बळी घेऊन. तो स्वतः आदिवासी वंशाचा आणि फ्रँक्स्टन पेनिन्सुलाच्या क्लबात खेळलेला. त्या निकालानंतरच्या पहिल्या सरावाला आमच्या नेट्समधली सगळी पोरं एकाच ठिकाणी, ऑफस्टंपच्या वरच्या टोकावर, चेंडू टाकायचा प्रयत्न करत होती.

तेव्हा तुमच्या मुलाला किंवा मुलीला क्लबात घालायचं असेल तर असं करा. मोठं नाव शोधत तास-तास गाडी चालवू नका, घराजवळचा क्लब बघा. हिवाळा संपत आला की नोंदणी सुरू होते, सप्टेंबरच्या आत अर्ज भरा. पाच-सहा वर्षांच्या लेकरांसाठी मऊ चेंडूचा वेगळा कार्यक्रम असतो, मोठ्यांना थेट वयोगटाच्या संघात घेतात. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला ‘हा ओपनर आहे’ असं सांगू नका. लहान गटांत सगळ्यांना फलंदाजी आणि गोलंदाजी मिळते. आणि मुलाला सोडून गाडी वळवून परत जाऊ नका. स्टंप लावायला, सीमारेषेवरचे प्लॅस्टिकचे शंकू मांडायला दोन माणसं कमीच पडत असतात. स्कोअरिंग येत नसेल तर माझ्या शेजारी बसा, एका डावात शिकवते.