कॅप्टन नाही म्हणाला तेव्हा

गोव्यातल्या मोपा विमानतळावर मी ग्राउंड हँडलिंगला आहे, म्हणजे चार्टर किंवा कंपन्यांची खाजगी विमानं आली की पार्किंग, फ्युएल, गाड्या, खाणं, कागदपत्रं सगळं आपल्याच डोक्यावर. सोबत कॉर्पोरेट एव्हिएशन मॅनेजमेंटची, म्हणजे कंपन्यांच्या स्वतःच्या विमानांचा कारभार सांभाळायची, तयारी चाललीय. (पेडण्यातल्या आमच्या मावशीला अजून वाटतं मी पायलट होणार, सांगून दमलो.) अमेरिकेतली एनबीएए ही बिझनेस विमानवाल्यांची संस्था सर्टिफाइड एव्हिएशन मॅनेजरची परीक्षा घेते, त्यात लीडरशिप, एचआर, ऑपरेशन्स, टेक्निकल आणि बिझनेस असे पाच विषय येतात. ऑपरेशन्स रोजचंच काम, बाकीचं मला खरं सांगायचं तर पोपटपंची वाटायची.

जुलैत एकदा मुंबईच्या एका कंपनीचं छोटं जेट सकाळी आलं, साहेब लोकांना वेर्ण्याच्या फॅक्टरीत जायचं होतं. वेर्ण्याला दाबोळी विमानतळच जवळ, पण तो पडला नेव्हीचा तळ, आयएनएस हंसा, आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी त्यांचं ट्रेनिंग फ्लाइंग चालतं तेव्हा सिव्हिल विमानांना वाव नसतो, म्हणून मोपा. सोबत त्यांच्या फ्लाइट डिपार्टमेंटच्या मॅनेजर मॅडम होत्या. साहेबांच्या गाड्या हलल्या रे हलल्या की त्यांनी पहिलं काम काय केलं तर दोन्ही पायलटना हॉटेलवर पाठवलं. बाकी वेळी पायलट लाउंजमध्येच मोबाईल बघत बसतात. पण ड्युटीचा वेळ विमान उडाल्यापासून नाही, रिपोर्टिंगपासून मोजतात, आणि मधल्या वेळात धड झोपायची जागा दिली असेल तरच मर्यादा थोडी वाढवून मिळते. हे मला पाठ होतं, करताना कुणाला पहिल्यांदाच बघितलं.

परतीचं विमान संध्याकाळी होतं. पाऊस धो धो, पर्वरीला फ्लायओव्हरच्या कामात ट्रॅफिक ठप्प, साहेब अडकले ते अडकलेच. मुंबईचा स्लॉट, म्हणजे तिथे उतरायची ठरवून दिलेली वेळ, गेला. तिथे गर्दीच्या वेळी खाजगी विमानांना आधीच कोण विचारत नाही, त्यामुळे नवीन स्लॉट मागा, फ्लाइट प्लॅन परत टाका, एडीसी नि एफआयसी हे उड्डाणाच्या परवानगीचे नंबर परत घ्या, माझे दोन्ही फोन कानाला. मॅडम मात्र फ्युएलच्या पावतीच्या मागे पेनने आकडे मांडत बसलेल्या, रिपोर्टिंग कधीचं, विश्रांती किती, मुंबईवर पावसात घिरट्या घालाव्या लागल्या तर किती. हिशोब बसत होता, पण अगदी काठावर.

मग त्यांनी कॅप्टनना एकच विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

कॅप्टन म्हणाले, "कागदावर बसतंय, पण मी दमलोय. आज नको."

का, कसं, बघा ना जरा, असलं काही नाही. "ठीक आहे" म्हणाल्या आणि मला म्हणाल्या क्रूसाठी गाडी बोलाव, लगेच. मला कळेना एवढी घाई कशाला, साहेबांना भेटून गेले असते. तर तेच नको होतं त्यांना! साहेब पोचेपर्यंत कॅप्टन हॉटेलवर, आणि चेअरमनसमोर उभ्या एकट्या मॅडम.

साहेब आले ते भिजलेले, वैतागलेले. "विमान कुणाचं आहे?"

"तुमचंच सर. उडवायचं की नाही ते कॅप्टनचं." आणि त्याच दमात, शेवटच्या एअरलाइन फ्लाइटला दोन सीट धरून ठेवल्यात, बाकीच्यांना रूम आहेत, सकाळी निघू. आवाज चढला नाही की सॉरी सॉरी केलं नाही. साहेब पाचेक मिनिटं बोलले, बरंच बोलले, मग सीट घेऊन गेले.

मला वाटलं झालं, आता घरी. तर मॅडम म्हणाल्या बस, आजच्या मुक्कामाचा खर्च काढ. रात्रीचं पार्किंग, हँडलिंग, हॉटेल, तिकिटं, गाड्या, सगळं एका कागदावर, कारण उद्या ऑफिसात मला हे विचारणारच आणि तेव्हा "सेफ्टी" हा शब्द पुरत नाही. माझा कागद बघून त्यांनी जीएसटीच धरला नाहीस म्हणून परत दिला. लीडरशिपचं जाऊ दे रे, म्हणाल्या, आधी बॅलन्स शीट वाचायला शीक.

आता शनिवारी म्हापशाला अकाउंट्सचा क्लास लावलाय. मावशी म्हणते पायलटला टॅली कशाला लागते.