करंगळी आणि अंगठा

काल दुपारी माझ्या करंगळीचं आणि अंगठ्याचं पुन्हा वाजलं. ऑफिसचं काम आटोपून घरच्या कॉम्प्युटरवर बसलो होतो. एक परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवायचा होता. करंगळी सवयीनं डाव्या कोपऱ्यात कंट्रोलवर गेली, शेजारच्या बोटानं सी दाबला आणि काही म्हणजे काही झालं नाही. घरी ॲपलचा मॅक आहे. तिथे हे काम कमांडचं, आणि कमांड बसते स्पेसबारच्या बाजूला, अंगठ्याच्या हद्दीत. पेस्ट करायची वेळ आली तेव्हा अंगठ्याला आपलं घर आठवलं, त्यानं चोख कमांड-व्ही दाबला, आणि परिच्छेदाच्या जागी सकाळी कधीतरी उचललेला कुणाचा तरी फोन नंबर येऊन बसला.

कामाला एक आणि घरी एक अशी दोन यंत्रं ज्यांच्या नशिबी आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. विंडोजवरून मॅकवर आलं की पहिली पाच मिनिटं करंगळी हट्ट करते आणि मॅकवरून विंडोजवर गेलं की अंगठा. विंडोजवर अंगठ्याखाली येतं ऑल्ट. ते एकटं दाबलं गेलं की मेनू जागा होतो आणि मग आपण टाइप केलेली अक्षरं भलत्याच आज्ञा होऊन जातात.

हे कापा-चिकटवा ज्यांनी घडवलं त्यांतले एक लॅरी टेस्लर. सत्तरच्या दशकात ते झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात होते, 1980 मध्ये ॲपलमध्ये गेले. झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या शेजाऱ्यांना ॲपलच्या लिसा नावाच्या कॉम्प्युटरवर आणि मग मॅकवर कामाला लावलं गेलं. विंडोजनं पुढे तीच अक्षरं घेतली, फक्त सोबतचं बटण बदललं. (त्याआधीची कंट्रोल आणि इन्सर्टची जोडी तिथे अजूनही चालते. वापरणारे लोक भेटले की मला उगाच त्यांच्याबद्दल आदर वाटतो.) टेस्लरना एका गोष्टीची चीड होती: एकच बटण एका वेळी एक काम करतं आणि दुसऱ्या वेळी दुसरं, याची. याला ते मोड म्हणत. मोड नकोत हे त्यांनी आयुष्यभर इतकं लावून धरलं की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही तेच लिहिलेलं होतं. 2020 मध्ये ते गेले. एका यंत्रातले मोड बरेचसे गेले हे खरं, पण यंत्रं दोन झाली आणि मोड माझ्यातच येऊन बसले. सकाळी दहाला एक, संध्याकाळी सातला दुसरा.

तिसराही आहे. कपाटावर एक जुना लॅपटॉप पडून आहे, त्यात लिनक्स घातलंय, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली यंत्रणा. त्याची मला तशी काही गरज नाही. आपण कुणाचे बांधील नाही असं अधूनमधून वाटावं म्हणून तो ठेवलाय. तिथे इतरत्र कंट्रोल-सी म्हणजे कॉपीच, पण टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या चौकटीत शिरलं की तोच कंट्रोल-सी म्हणजे चाललेला प्रोग्राम जागच्या जागी बंद. ही रीत कॉपी-पेस्टपेक्षाही जुनी आहे, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही. तिथे कॉपी करायला शिफ्टही धरावी लागते. म्हणजे करंगळीनं दोन बटणं सांभाळायची.

लोक विचारतात, विंडोज का, मॅक का. जणू मी कधी बसून दोन्ही बाजूंचा विचार केला होता! ऑफिसातला कॉम्प्युटर आयटीवाल्यांनी दिला. तो भाड्याच्या घरासारखा आहे, खिळा ठोकायचा तरी परवानगी. घरच्या मॅकसाठी माझ्याकडे कारणं तयार आहेत: पडदा चांगला, बॅटरी टिकते, अक्षरं रेखीव दिसतात. ती सगळी खरी आहेत आणि सगळी घेतल्यानंतर सुचलेली आहेत. घेताना इतकंच पाहिलं होतं की झाकण एका बोटानं उघडतं आणि खालचा भाग सोबत वर येत नाही.

ज्यांना खरोखर निवड नसते त्यांचं बरं असतं. आयफोनची ॲपं बनवणाऱ्याला मॅक लागतोच. यंत्रांचे भाग सॉलिडवर्क्समध्ये काढणाऱ्याला विंडोज लागतं. बाकी आपण लिहिणार, वाचणार, हिशेब ठेवणार, फोटो बघणार. आपल्यासारख्यांसाठीच हा वाद आहे, आणि म्हणूनच तो संपत नाही.

माझा पहिला कॉम्प्युटर मामाचा. म्हणजे मामाच्या घरचा, त्याच्या टेबलावरचा, कापडी आवरणाखालचा. आवरण काढायचा मान त्याचाच. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची: सी, मग दोन टिंबं, मग उलटी तिरकी रेघ. मामा काहीतरी टाइप करायचा आणि आम्हा मुलांना आळीपाळीनं एंटर दाबू द्यायचा. आम्हाला एंटर दाबणं म्हणजेच कॉम्प्युटर चालवणं वाटे. ती रेघ उलटी का, हा प्रश्न मी तेव्हाच विचारला होता. 'ती तशीच असते' असं उत्तर मिळालं. खरं उत्तर पुष्कळ उशिरा कळलं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सरळ तिरकी रेघ आज्ञेच्या पुढे पर्याय सांगायला वापरून झाली होती. 1983 च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले आणि त्यांच्या नावांमध्ये टाकायला खूण हवी झाली, तेव्हा ती रेघ अडकलेली, म्हणून उलटी घेतली. युनिक्स या जुन्या यंत्रणेच्या घराण्यात, लिनक्स त्यातलंच, ती सरळच राहिली. जुना मॅक तर तिथे दोन टिंबं लावायचा. मामाचं उत्तर तसं चुकीचं नव्हतं.

मग मामाकडे विंडोज आलं, सोबत माउस आणि पत्ते. सॉलिटेअर 1990 च्या विंडोज 3.0 बरोबर आलं होतं आणि ते लिहिलं होतं वेस चेरी नावाच्या, मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या एका मुलानं. साहेब आले तर पटकन दाबायला त्यानं एक सोयही केली होती, ती दाबली की पत्ते लपून खोटं एक्सेल दिसायचं. कंपनीनं ती काढायला लावली. आमच्याकडे ती असती तर मामीच्या पावलांचा आवाज आला की उपयोगी पडली असती. डाव सुटला की पत्ते उड्या मारत, मागे आपल्याच आकृत्यांची रांग सोडत पडद्याबाहेर जायचे. ते बघायला घर जमायचं. हिरव्या पार्श्वभूमीवरचे ते पत्ते चितारले होते डिझायनर सुझन केअर यांनी. मॅकच्या कमांड बटणावर जो चार कोपऱ्यांना वळसे घातलेला चौकोन आहे, तोही त्यांनीच निवडलेला. मेनूमध्ये जिथे तिथे ॲपलचं सफरचंद दिसायला लागलं म्हणून स्टीव्ह जॉब्ज वैतागले होते. केअर यांना चिन्हांच्या पुस्तकात हा चौकोन सापडला, स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखवायला वापरतात तो. आता मला सांगा, करंगळीनं अंगठ्याशी भांडायचं ते कुठल्या तोंडानं?

कारण पुढे बघत गेलं की सगळं असंच निघतं. ज्याच्यामुळे ऑफिसं विंडोज सोडत नाहीत ते एक्सेल 1985 मध्ये आलं ते मॅकवर. विंडोजला ते दोन वर्षांनी मिळालं. पॉवरपॉइंटही 1987 मध्ये आधी मॅकवरच आलं, दुसऱ्याच एका कंपनीचं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली. विंडोज 95 सुरू होताना जो मोठा धीरगंभीर सूर लागायचा तो संगीतकार ब्रायन ईनो यांचा. त्यांनीच नंतर सांगितलं की तो त्यांनी मॅकवर बांधला. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं आणि 2016 पासून विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टच देतं. मॅक आतून युनिक्स आहे, तसं 2007 पासून रीतसर प्रमाणपत्रही आहे.

हे मी एकदा ऑफिसातल्या एका मॅकभक्ताला सांगितलं. त्यानं फक्त एकच सांगितलं: 'पण विंडोजला चव नाही.' विंडोजभक्ताला सांगितलं, तो म्हणाला, 'पण मॅकवर गेम कुठे आहेत?' लिनक्सवाल्याला सांगायची गरज पडली नाही, त्यानंच मला पाऊण तास सांगितलं.

1997 च्या ऑगस्टमधला बॉस्टनचा तो प्रसंग मी अजूनही मधूनच बघतो. ॲपल डबघाईला आलेलं. जॉब्ज मंचावर उभे राहून सांगतात की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये 15 कोटी डॉलर गुंतवणार आहे आणि मॅकसाठी ऑफिस बनवत राहणार आहे. मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटतो, आणि सभागृह हुर्यो उडवतं. कंपन्यांचं जुळलं होतं, खुर्च्यांवरच्या माणसांचं जुळत नव्हतं. मला त्या ओरडणाऱ्यांबद्दल हसू येत नाही. एखाद्या यंत्राबरोबर रात्री काढल्यावर माणूस त्याच्या बाजूनं बोलायला लागतोच, मग ते यंत्र कुणाच्याही बाजूचं असो.

माझीही एक खोड आहे. खिडकी बंद करायचं बटण मॅकवर डावीकडे, विंडोजवर उजवीकडे. यावर माझं काही म्हणणं नाही. पण 2011 मध्ये मॅकनं स्क्रोलची दिशा उलटवली. बोट वर नेलं की मजकूरही वर जातो, फोनवर जातो तसा, आणि सेटिंगमध्ये या प्रकाराला नाव दिलं 'नैसर्गिक'. जे आहे ते आहे, पण मग त्याआधी आपण सगळे काय अनैसर्गिक वागत होतो? दुसऱ्याच्या मॅकवर बसलो की मी आधी ती खूण काढतो. उठताना पुन्हा लावायची राहते. यावरून काही संबंध किंचित थंडावलेत.

आणि ओळ संपवणं. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन गोष्टी कराव्या लागत: छापणारा भाग मागे न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोज आजही प्रत्येक ओळीच्या शेवटी या दोन्ही खुणा इमानानं लिहितं. युनिक्स फक्त कागद सरकवतं. जुना मॅक फक्त मागे न्यायचा. कागद गेला, टेलिप्रिंटर गेला, भांडण राहिलं. युनिक्सकडून आलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसायची. नोटपॅडला समज आली 2018 मध्ये. ओळ कुठे संपते यावर तिघांचं एकमत होत नसेल तर बाकीचं सोडाच.

'नवीन घ्यायचाय, कोणता घेऊ?' असं मला बरेच जण विचारतात. मी उलट विचारतो, 'रात्री अकराला तुझा कॉम्प्युटर अडला तर तू फोन कुणाला करतोस? त्याच्याकडे जो असेल तो घे.' याहून चांगला सल्ला मला माहीत नाही. त्यात एकच गोम आहे. तो 'कुणी' बहुतेक वेळा मीच निघतो.

हल्ली प्रश्नाची धारही गेलीय. आईचा सगळा कॉम्प्युटर एका ब्राउझरमध्ये मावतो. तिच्यासाठी त्या ब्राउझरखालची यंत्रणा कुठल्याही कंपनीची असली तरी फरक पडत नाही. फरक पडतो तो मुदत संपते तेव्हा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज 11 ला ठरावीक सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं एका तारखेला म्हातारी ठरली. मॅकनं तर आजवर तीनदा काळीज, म्हणजे आतला प्रोसेसर, बदललं, 1994, 2006 आणि 2020 मध्ये. पहिल्या दोन वेळी जुने प्रोग्राम काही वर्षं चालवून घेतले आणि मग तो दरवाजा बंद केला. निवडायचंच असेल तर निवडलेल्या गोष्टीतून बाहेर पडताना आपल्याबरोबर काय येईल, हे आधी बघावं असं मला आता वाटतं.

मामाच्या फायली माझ्याकडे आहेत. तो गेल्यावर मामीनं दिल्या. त्यानं शेवटच्या वर्षांत बरंच लिहिलं होतं, मराठीत, युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे पोचायच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या खणांत ठेवलेले असत. फॉन्ट नसेल तर खाली राहतात नुसती रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. मी त्या फायली विंडोजवर उघडल्या, मॅकवर उघडल्या, कपाटावरचा लिनक्स खाली काढून त्यावरही उघडल्या. तिन्हीकडे लगेच उघडतात, आणि कधी नव्हे ते तिघांचं तंतोतंत जुळतं. अक्षर न् अक्षर तोच गिचमिडकाला. एका फाइलचं नाव मात्र त्यानं रोमनमध्ये दिलंय, ते माझं नाव आहे. फॉन्ट त्याच्या टेबलाच्या खणातल्या सीडीवर असावा, असं मामी म्हणते. सीडी आणलीय. ती घालायची फट तिघांपैकी एकालाही नाही.