कीबोर्ड खराब आहे म्हणे

"मॅडम, तुमचा कीबोर्ड खराब आहे!" असं म्हणत गेम खेळायला आलेल्या एका पोराने स्पेसबार असा काही आपटला की शेजारचा चहाचा कप हलला.

कीबोर्ड ठणठणीत होता. आमच्या एमएच्या पोरींच्या प्रोजेक्टचा गेम तो, त्यात उडीचं बटण मधेच मुद्दाम उशिरा चालतं, वैतागल्यावर पोरं स्वतःला कशी सावरतात ते बघायला.

गंमत म्हणजे दहाच मिनिटांपूर्वी ह्याच पठ्ठ्याने ग्रॉस आणि जॉन या मानसशास्त्रज्ञांची, आपण भावना कशा सांभाळतो ते विचारणारी २००३ ची १० वाक्यांची प्रश्नावली भरलेली आणि 'मी भावना मनातच ठेवतो' ह्याला ७ पैकी ७ दिलेले! खोटं नव्हता बोलत हो, त्याला खरंच तसं वाटतं.

जाताना हळूच म्हणाला, "घरी पण हरलो की कंट्रोलरच खराब असतो."

खूप हसले. आणि मग येताना सिग्नलला मीच हॉर्न दाबून धरला.. तुमचा कीबोर्ड कधी खराब होतो?